परळीचा संच आणि चहाचा कप

बीड जिल्ह्यातील परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात २५० मेगावॅट क्षमतेचे संच आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात उभारलेल्या ‘काली-५०००’ या यंत्राच्या एका स्पंदाची शक्ती ४० गिगावॅट, म्हणजे अशा १६० संचांइतकी! मग परळीत कोळसा जाळायचा तरी कशाला? हा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारलाच, तर उत्तरासाठी आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागेल.

विजेच्या तारा दूरवर पसरल्या, तशी आकाशातील वीज त्यांवर कोसळून इन्सुलेटर फुटू लागले. त्यांची आधीच परीक्षा घ्यायची, तर प्रयोगशाळेत लाखो व्होल्टचा क्षणिक धक्का निर्माण करायला हवा. जर्मन अभियंता एर्विन मार्क्स याने १९२४ मध्ये त्याची युक्ती मांडली. धारित्रे समांतर जोडून सावकाश भारित करायची. मग त्यांच्यामधील फटींत ठिणग्या उडाल्या, की तीच धारित्रे एकसर जोडली जातात. १०० किलोव्होल्टला भारित केलेल्या १० धारित्रांपासून तत्त्वतः १० लाख व्होल्ट मिळतात. ऊर्जा मात्र साठवली तेवढीच राहते.

अडचण होती आकाराची. हवेत दर सेंटिमीटरला सुमारे ३० किलोव्होल्ट झाले, की ठिणगी पडते. म्हणून ही यंत्रे मनोऱ्यासारखी उंच असत. १९६० च्या दशकात ब्रिटनमधील ऑल्डरमास्टन येथे जे. सी. मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेल आणि शुद्ध पाणी रोधक म्हणून वापरले. ताण मायक्रोसेकंदापुरताच असेल, तर पाणीही तो सोसते. यंत्रे आटोपशीर झाली आणि स्पंद आखूड झाले.

आपल्याकडे डॉ. राजगोपाल चिदंबरम यांनी १९८५ मध्ये ‘काली’ची कल्पना मांडली. काम १९८९ मध्ये सुरू झाले. या यंत्रातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो: १० लाख व्होल्ट, ४० हजार अँपिअर. गुणाकार करा, ४० गिगावॅट! पण अवधी केवळ १०० नॅनोसेकंदांपर्यंतचा. म्हणजे ऊर्जा फार तर ४००० ज्यूल. तेवढ्याने कपातील १०० ग्रॅम पाणी जेमतेम साडेनऊ अंशांनी तापेल. चहासुद्धा होणार नाही. परळीचा एक संच तेवढी ऊर्जा १६ मायक्रोसेकंदांत देतो आणि देतच राहतो.

गिगावॅटचे आकडे वाचून अनेकांनी ‘काली’भोवती अद्भुत अस्त्राच्या कथा रचल्या. शक्तीचा आकडा दिसला, की ‘किती वेळ?’ असे विचारण्याची सवय वर्गात लागली, तर अशा कथांना कोणी भुलणार नाही.