पेशीलवचीकता व मुखकर्करोग

पेशीलवचीकता : आपली ठरलेली ओळख सोडून दुसऱ्या प्रकारच्या पेशीचे रूप व गुण घेण्याची, आणि वेळ आल्यास माघारी फिरण्याची पेशीची क्षमता. गर्भ घडताना आणि जखम भरताना ती लागतेच. कर्करोगात हीच सोय शरीरावर उलटते. त्यामुळे ‘कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ’ ही पाठ्यपुस्तकी व्याख्या अपुरी ठरते. कर्करोग-संशोधक डग्लस हॅनाहन यांनी २०२२मध्ये कर्करोगाच्या मूलभूत गुणधर्मांची आपली यादी वाढवली, तेव्हा तीत लवचीकतेलाही जागा दिली.

अकोला-अमरावतीकडे हा विषय समजायला पानठेला पुरतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की खर्रा तयार. तो गालात दाबून ठेवायचा, बहुतेकांचा कोपराही ठरलेला. पहिली तक्रार येते ती जेवताना : ठेचा झोंबू लागतो. मग गाल आतून पांढुरका व ताठ होत जातो. निरोगी माणसाच्या तोंडात एकावर एक धरलेली तीन बोटे सहसा मावतात; इथे दोनही जाईनाशी होतात आणि भाकरीचा घास चिमटीएवढा करून घ्यावा लागतो. दवाखान्यात याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. श्वार्ट्झ यांनी १९५२मध्ये या विकाराचे वर्णन केले ते पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांवरून.

दोष तंबाखूचाच, असा समज आहे. गाल आखडवण्याचे काम मात्र मुख्यतः सुपारीचे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. तिच्यातील अरेकोलीन कोलॅजन बनवणाऱ्या तंतुपेशींना चेतवते, टॅनिनांमुळे ते कोलॅजन लवकर झिजत नाही, आणि तांब्यामुळे त्याचे धागे एकमेकांत घट्ट विणले जातात. येथेच पहिला रूपपालट होतो. साधी तंतुपेशी आकुंचन पावू शकणारी, निम्मी स्नायूसारखी पेशी बनते. जखमेवर हे काम दोन आठवड्यांचे. गालात रोज नवी जखम असल्याने ते संपतच नाही. रक्तवाहिन्या दबतात, वरच्या अस्तराला प्राणवायू कमी पडतो.

दुसरा पालट अस्तरात, आणि धोका त्यातच आहे. अस्तराच्या पेशी विटांसारख्या एकमेकींना धरून असतात. ही पकड ई-कॅडहेरिन या प्रथिनाची. टीजीएफ-बीटासारख्या संदेशांनी स्नेल, ट्विस्ट, झेब हे जनुक-नियंत्रक जागे झाले की ई-कॅडहेरिन घटते, सरकत्या पेशींतले व्हायमेंटिन हे प्रथिन वाढते आणि पेशी सुटी होऊन सरकू लागते. खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेतील संशोधकांना मुखकर्करोगात केराटिन ८ व १८ आढळली. ही प्रथिने एकपदरी अस्तराची. गालाच्या बहुपदरी अस्तरात ती एरवी नसतात. अर्थात पेशीने परक्या घराचा पोशाख चढवलेला असतो.

पालट पूर्ण होतो असे मात्र नाही. बोस्टनमध्ये २०१७ साली १८ रुग्णांच्या डोके-मान कर्करोगातील सुमारे ६,००० पेशी एकेक करून तपासल्या गेल्या. गाठीच्या पुढच्या कडेला अर्धवट पालटलेल्या पेशी होत्या, आणि मानेतील लसिकाग्रंथींत रोग पसरण्याशी त्यांचा संबंध दिसला. अर्धवटपणाच त्यांच्या फायद्याचा : सरकताही येते, सोबत्यांची साथही सुटत नाही. नव्या जागी पोचल्यावर त्या पुन्हा अस्तराच्या वळणावर येऊन गाठ वाढवू शकतात.

प्रत्येक आखडलेल्या तोंडाचा शेवट कर्करोगात होत नाही. केरळातील एर्नाकुलममध्ये ६६ रुग्णांच्या १७ वर्षांच्या पाठपुराव्यात हे प्रमाण ७.६ टक्के निघाले. पण खर्रा सोडल्यावरही जुने कोलॅजन सहसा विरघळत नाही, म्हणून तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात. महाराष्ट्रात २०१२मध्ये गुटख्यावर बंदी आली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घोटला जाणारा खर्रा ठेल्यावर राहिलाच.

उपचारांतही लवचीकता आडवी येते. औषधाचा नेम ज्या रूपावर, ते रूपच पेशी सोडते. उलटा प्रयोग एका रक्तकर्करोगात यशस्वी झाला आहे : शांघायच्या डॉक्टरांनी १९८८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनुभवानुसार ‘अ’ जीवनसत्त्वाच्या एका रूपाने प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाच्या अर्धवट राहिलेल्या पेशी पक्व केल्या. गालाच्या कर्करोगाला असे माघारी वळवणारे औषध रूढ नाही. तिथे शस्त्रक्रिया, बहुधा मानेतील ग्रंथींसह, आणि गरजेप्रमाणे किरणोपचार व केमोथेरपी.