सायकलची सीट, आरी आणि जात

जुन्या सायकलची चामड्याची सीट घरी दुरुस्त करणे हा आता शहरी हौसेचा विषय झाला आहे. आरी हातात घेतली म्हणून त्या हौशी माणसाची जात कोणी विचारत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आरी धरणाऱ्यांना मात्र गावाने काय दिले?

काम तसे अवघड नाही. सीट झोळीसारखी लोंबली की पुढच्या टोकाखालचा नट थोडा थोडा आवळायचा. तरी भागले नाही, तर दोन्ही कडांना भोके पाडून खालून वादी ओवायची. रिव्हेटपाशी चामडे फाटले असेल तर जुने रिव्हेट तोडून, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेले जाड चामडे कोमट पाण्यात भिजवून सांगाड्यावर ताणायचे आणि सावलीत सुकवायचे. तेल ओतू नये, चामडे आणखी ढिले पडते.

हे ज्ञान कोणाचे? मेलेले जनावर ओढायचे महारांनी, कातडे कमवायचे ढोरांनी, शिवायचे चांभारांनी. एकाच कातड्यावर तिघांचे श्रम, पण तिघांत रोटी-बेटी नाही. बाबासाहेबांनी दाखवलेली श्रेणीबद्ध विषमता ती हीच!

मलकापूर हे कोल्हापूर संस्थानातील विशाळगड जहागिरीचे ठाणे. या मुलखातल्या गावगाड्यात चांभाराला रोख दाम नव्हता, सुगीला बलुते होते. त्याने शिवलेली मोट विहिरीत उतरायची, तिचे पाणी सर्वांना चालायचे. तो स्वतः विहिरीवर चालत नव्हता. त्याच काळात, १८८२ मध्ये, बर्मिंगहॅमला घोड्यांचे चामडी सामान करणाऱ्या जॉन ब्रूक्सने सायकलच्या सीटचे पेटंट घेतले. ती कंपनी आजही जगप्रसिद्ध आहे. तिथल्या कारागिराच्या हाताला विटाळ नव्हता, एवढाच फरक. (एवढाच?)

शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानातली बलुतेदारी मोडून कोणालाही कोणताही धंदा करण्याची मोकळीक दिली. पुढे १९२७ मध्ये महाडच्या परिषदेने मेलेली जनावरे न ओढण्याचा निर्धार केला. तेव्हा काहींना आमच्या पोटाची काळजी वाटू लागली. कातडी, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब 'केसरी'तल्या एका पत्रलेखकाने मांडला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी तो किस्सा सांगितला. त्यांचे उत्तर रोखठोक होते: एवढा फायदा आहे तर ती जनावरे तुम्हीच ओढा, वर पैसे मी देतो.