आकाशपुष्पाचा गंध

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आणि पुरुषांच्या अत्तरावर व्याख्यान! पण कुरकुंभात या विषयावर बोलणं योग्यच आहे, असं आम्हाला वाटतं. इथल्या औद्योगिक वसाहतीत औषधांची रसायनं होतात, तशी सुगंधी रसायनंही होतात. ही रसायनं पुढे साबणात जातात, पावडरीत जातात, अत्तराच्या बाटलीत जातात.

आम्ही ज्या वासाबद्दल बोलतोय, तो तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. सलूनमध्ये दाढी झाली की गालावर काहीतरी थापतात, तेव्हा येतो ना, त्याच कुळातला. वर लव्हेंडरचा स्वच्छ, थंड वास. मध्ये लवंग-दालचिनीची ऊब. आणि तळाशी वाळलेल्या गवताचा गोडसर वास. या घराण्याला फ्रेंच भाषेत ‘फुजेर’ म्हणतात. फुजेर म्हणजे नेचा, पावसाळ्यात ओल्या दगडांत उगवतो तो. आता गंमत बघा, नेच्याला असा वास मुळी नसतोच. आपल्या दर्शनांत ‘आकाशपुष्प’ हा शब्द येतो, म्हणजे नाव आहे पण वस्तू नाही. इथे तर आकाशपुष्पाला वाससुद्धा मिळाला आणि तो बाजारात विकलाही गेला!

हे झालं कसं? वाळलेल्या गवताचा तो वास कूमरिन नावाच्या द्रव्याचा. इंग्लंडच्या विल्यम पर्किनने 1868 मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केलं. जांभळा कृत्रिम रंग शोधणारा पर्किन तो हाच. पुढे 1882 मध्ये उबिगाँ या फ्रेंच पेढीसाठी पॉल पार्के याने लव्हेंडर आणि कूमरिन यांची सांगड घालून ‘फुजेर रोयाल’ हे अत्तर रचलं. म्हणजे ज्या वासाला आपण रानाचा, मोकळ्या हवेचा समजतो, त्याचा पाया माणसाने बनवलेला होता. 1934 मध्ये कारोन या पेढीने लव्हेंडरच्या अत्तराला नावच ‘पुरुषासाठी’ असं दिलं. मग 1964 चं ब्रूट, 1973 चं पाको राबान, 1978 चं आझारो. तीन-चार पिढ्यांत पक्कं ठरून गेलं की पुरुषाचा वास म्हणजे हा.

आपल्याकडे असं नव्हतं, बरं का. लग्नात हाताला अत्तर लावतात आणि गुलाबपाणी शिंपडतात, ते पाहुण्याला. पाहुणा बाई आहे की पुरुष हे कुणी बघत नाही. हळदीकुंकवाला तेच अत्तर, आणि आजोबांच्या कानातल्या फायालाही तेच. शास्त्रही जुनं आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचं प्रकरण आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर 1820 मिश्रणं होतात, असा हिशेब त्याने मांडला आहे. त्या सोळांत वाळा आहे, तगर आहे, दवणा आहे आणि चक्क धनेही आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधवाद’ या ग्रंथाच्या एका दुर्मीळ हस्तलिखिताचा अभ्यास केला. त्या ग्रंथावर मराठीत टीका आहे, आणि गोड्यांनी तिचा काळ साधारण 1350 ते 1550 असा धरला. सुगंध कसा करावा हे मराठीत इतक्या आधी लिहिलं गेलंय, हे किती मराठी माणसांना माहीत आहे?

मग प्रश्न येतो की ज्याने लव्हेंडरचं झुडूप कधी पाहिलं नाही, त्या आपल्या माणसाला हा वास ओळखीचा का वाटतो? लव्हेंडरच्या तेलातलं एक मुख्य द्रव्य म्हणजे लिनालूल. धन्याच्या तेलातही मुख्य द्रव्य तेच. लवंगेतलं युजेनॉल आपल्या तुळशीतही असतं. म्हणजे बाटली परकी असली तरी तिच्यातलं बरंचसं आपल्या मसाल्याच्या डब्यात आणि अंगणात आहे. आम्हाला वाटतं, या वासाचं आकर्षण पौरुषात नाहीच. अंघोळ झालेली आहे, घरात ऊब आहे आणि बाहेर गवत वाळतंय, असं एक सुखी चित्र तो नाकासमोर उभं करतो. ‘पुरुषी’ हे लेबल नंतर चिकटवलेलं आहे.

आता शेवटचा मुद्दा. नैयायिकांनी गंध हा पृथ्वीचा गुण मानला आणि त्याचे दोनच प्रकार केले, सुरभी आणि असुरभी. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1790 मध्ये एक तक्रार नोंदवली. कुणी अत्तर लावलेला रुमाल खिशातून काढला, की आजूबाजूच्या सगळ्यांना तो वास घ्यावाच लागतो, त्यांची इच्छा असो वा नसो. डोळे मिटता येतात, पण श्वास किती वेळ रोखणार? कांटला रुमालाचा त्रास झाला. तुम्हाला तर रात्री वारा फिरला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. सुरभी बाटलीत भरून दूर जातो आणि असुरभी गावात मागे राहतो. विहिरीच्या पाण्याची काळजीही गावालाच.

कारखाने नकोत, असं आम्ही म्हणत नाही. तुमच्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यांच्यावर चालते. पण अत्तराची किंमत ठरवताना फक्त घेणाऱ्याचं नाक मोजलं जातं, आणि हा हिशेब अपुरा आहे. हवेत काय सोडलं जातं, पाण्यात काय उतरतं, हे मोजून त्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सर्वांना वाचता येतील असे लागले पाहिजेत. सोळा द्रव्यांचा हिशेब श्लोकात मांडणाऱ्यांचे आपण वारस आहोत. एवढा हिशेब मागायला संकोच कशाला?

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.