हंताव्हायरस

मुख्यत्वे उंदीर, घूस यांसारख्या कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्यांच्या शरीरात राहणारा व्हायरसांचा एक गट. त्यांचे आनुवंशिक द्रव्य आरएनएच्या तीन तुकड्यांत विभागलेले असते. हे व्हायरस आश्रयी प्राण्याच्या मूत्र, विष्ठा व लाळ यांतून बाहेर पडतात आणि वाळलेल्या मलमूत्राच्या धुळीवाटे माणसाच्या श्वसनमार्गात शिरतात. आशिया व यूरोप खंडांत त्यांच्यामुळे ज्वर, रक्तस्राव व मूत्रपिंडाचा बिघाड, तर अमेरिका खंडांत फुप्फुसांचा तीव्र विकार उद्‌भवतो.

कोरियन युद्धात (१९५०–५३) संयुक्त राष्ट्रांच्या तीन हजारांहून अधिक सैनिकांना हा रोग जडला. परंतु त्याचे कारण पाव शतक अज्ञात राहिले. १९७६ मध्ये हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञांना पट्टेरी शेतउंदराच्या फुप्फुसांत रोगकारकाचा माग लागला. हंतान नदीवरून त्यास नाव देण्यात आले.

या गटातील एक व्हायरस मात्र त्यापूर्वीच भारतात हाती आला होता. १९६४ मध्ये तमिळनाडूतील वेल्लोर येथे एका चिचुंद्रीपासून तो वेगळा करण्यात आला व त्यास तोट्टपाळयम हे स्थलनाम मिळाले. प्रारंभी तो कीटकांमार्फत पसरणारा असावा, अशी समजूत होती. हंतान व्हायरसाचे स्वरूप कळल्यानंतरच त्याचे खरे नाते उघड झाले. पुणे येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था (स्थापना १९५२) व अमेरिकेतील अटलांटा येथील रोग नियंत्रण केंद्र यांतील शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये त्याच्या आनुवंशिक रचनेविषयी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार तो कृंतकांतील हंताव्हायरसांहून बराच दूरचा ठरला. चिचुंद्री उंदरासारखी दिसत असली, तरी ती कृंतक नसून कीटकभक्षक आहे. त्यामुळे हा निष्कर्ष तिच्या वंशाशी सुसंगत होता. पुढे इतर चिचुंद्र्या व वटवाघळे यांतही हंताव्हायरस आढळले. सामान्यतः प्रत्येक व्हायरस एका विशिष्ट प्राणिजातीशी निगडित असतो. तथापि एका जातीतून दुसऱ्या जातीत झालेले संक्रमण व तुकड्यांची अदलाबदल यांमुळेही त्यांच्यात विविधता निर्माण झाली आहे.

खानदेशात कृंतकजन्य रोगाची स्मृती प्लेगशी जोडलेली आहे. १८९६ मध्ये मुंबईत उद्‌भवलेली साथ पुढे इलाख्याच्या अंतर्भागात पसरली व खानदेश जिल्हाही तीतून सुटला नाही. (१९०६ मध्ये या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले, आजचे जळगाव व धुळे हे त्यांचेच वारस होत.) प्लेगमध्ये प्रथम उंदीर मरतात व त्यांच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून घरात उंदीर पडू लागताच लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहावयास जात. मेलेला उंदीर ही त्या काळची धोक्याची सूचनाच होती. हंताव्हायरसाच्या बाबतीत अशी सूचना मिळत नाही. बाधित उंदीर सहसा आजारी दिसत नाही आणि पिसवांसारखा मध्यस्थही लागत नाही.

तापी व गिरणा यांच्या खोऱ्यांतील ज्वारी, कापूस व केळी या पिकांच्या प्रदेशात घूस, जर्बिल व शेतउंदीर वावरतात. घरांत व धान्याच्या कोठारांत काळा उंदीर आणि चिचुंद्री असतात. तोट्टपाळयम व्हायरसाने माणसास रोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. मात्र वेल्लोर परिसरातील पाहणीत गोदामकामगार व उंदीर पकडणारे इरुळा आदिवासी यांपैकी काहींच्या रक्तात हंताव्हायरसविरोधी प्रतिपिंडे आढळली आहेत. म्हणजे धोका आहे तो प्रामुख्याने पोती उचलणाऱ्या व बिळे खणणाऱ्या हातांना. रोगाची लक्षणे लेप्टोस्पायरोसिससारखी असल्याने निदान चुकण्याचा संभव असतो.

विशिष्ट औषध सर्वमान्य झालेले नसल्याने प्रतिबंधावरच भर द्यावा लागतो. बंद कोठार उघडल्यावर प्रथम हवा खेळू देणे, उंदरांच्या लेंड्या कोरड्या न झाडता जंतुनाशक द्रावणाने भिजवून पुसणे व धान्य बंदिस्त साठविणे हे त्याचे साधे उपाय होत.