कागदावरील आरमार : युद्धनौकांच्या पटखेळाचे नियम व त्यांचें ऐतिहासिक मूल्य

आरमारी युद्धाच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे जहाजांच्या रोजनिश्या, सेनापतींचे अहवाल, दर्यावर्दी नकाशे व सरकारी पत्रव्यवहार हीं अभ्यासकांच्या डोळ्यांपुढें येतात. या मालिकेंत एका साधनाची गणना सहसा होत नाहीं. तें साधन म्हणजे टेबलावर अथवा जमिनीवर लहान लहान जहाजें मांडून खेळावयाच्या युद्धखेळाचे छापील वा हस्तलिखित नियम. दिसावयास हीं पुस्तकें मुलांच्या खेळण्यांपैकीं वाटतात, आणि म्हणूनच तीं संग्राहकांच्या हातून सहज निसटतात. प्रस्तुत लेखांत आम्हांस दाखवावयाचें आहे तें असें कीं, असा प्रत्येक नियम म्हणजे युद्धनौका कशाच्या बळावर जिंकते याविषयीं त्या पिढीची जी समजूत होती, तिचा आंकड्यांत लिहिलेला दाखला होय. ग्रंथकार जें मोघम शब्दांत झांकून नेऊं शकतो, तें नियमकर्त्यास आंकडा घालून सांगावेंच लागतें.

या खेळांचें मूळ भूमियुद्धांत आहे. बुद्धिबळाचा पट हिंदुस्थानांतून पश्चिमेकडे गेला. त्याच पटाचा विस्तार करून ब्रुन्सविक येथील हेलविग यानें इ. स. १७८० मध्यें युद्धाचा एक खेळ रचला. परंतु बुद्धिबळांत मोहरें ज्या घरांत शिरलें त्या घरांतील शत्रु मेलाच. तेथें दैवास जागा नाहीं. प्रत्यक्ष रणांगणावर असें घडत नाहीं. पुढें प्रशियांतील थोरल्या राइसवित्झनें इ. स. १८१२ मध्यें आपला युद्धपट राजास दाखविला, व त्याच्या तोफखान्यांतील अधिकारी असलेल्या मुलानें इ. स. १८२४ मध्यें त्या खेळाचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. घरांचा पट जाऊन १ : ८००० या प्रमाणाचा नकाशा आला, प्रत्येक खेळी दोन मिनिटांच्या युद्धाबरोबर धरली गेली, गोळीबाराचा परिणाम फांसे टाकून ठरूं लागला, आणि दोन्ही पक्षांच्या वर एक पंच बसला. नकाशा, काळ, दैव आणि पंच हे चार खांब त्या वेळेपासून युद्धखेळास मिळाले.

हे नियम समुद्रावर नेतांना त्यांतील कोणता खांब टिकतो हा खरा प्रश्न होय. टेंकडी, खिंड, नदी, गांव यांवर भूमियुद्धाचा निम्मा डाव अवलंबून असतो. भर समुद्रांत यांपैकीं कांहींच नाहीं. तेथें अंतर, दिशा व वेग हीच भूमि. दुसरें असें कीं, पायदळाची पलटण शंभर माणसें पडलीं तरी उरलेल्यांनिशीं लढते. युद्धनौका मात्र एक यंत्र आहे. तिच्या सुकाणूस लागलेला एक गोळा व तिच्या चिलखतावर आदळलेले दहा गोळे यांची किंमत सारखी नव्हे. म्हणून केवळ ‘किती माणसें गेलीं’ हा भूमिखेळांतील हिशेब येथें उपयोगी पडत नाहीं.

शिडांच्या जहाजांच्या काळांत या प्रश्नाचा विचार करणारांत एल्डिनचे जॉन क्लर्क यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. हे गृहस्थ एडिंबरोकडील व्यापारी. त्यांनीं आरमारांत कधीं नोकरी केली नव्हती. तरी टेबलावर लांकडी जहाजें मांडून त्यांनीं आरमारी डावपेंचांचा अभ्यास केला व इ. स. १७८२ मध्यें तद्विषयक निबंध खाजगी रीतीनें छापला. त्याच वर्षीं १२ एप्रिल रोजीं वेस्ट इंडीजमध्यें रॉडनीनें फ्रेंचांची रांग फोडली, ती क्लर्क यांच्या विचारावरून कीं नाहीं, यावर पुढें पुष्कळ वाद झाला. त्या वादाचा निकाल कसाही लागो. टेबलावरच्या लांकडी जहाजांचा संबंध प्रत्यक्ष विजयाशीं जोडावा असें लोकांस वाटलें, हीच गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

वाफेचीं व पोलादी चिलखताचीं जहाजें आलीं तेव्हां हा विषय नव्यानें उभा राहिला. अमेरिकेंतील न्यूपोर्ट येथें इ. स. १८८४ मध्यें आरमारी युद्धविद्यालय स्थापन झालें, आणि इ. स. १८८७ पासून मॅकार्टी लिटल यांनीं तेथें युद्धखेळाचा पाठ सुरू केला. एका जहाजाचें एका जहाजाशीं द्वंद्व, दोन आरमारांची लढाई, व सबंध मोहिमेची आंखणी असे त्या खेळाचे तीन प्रकार होते. हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं होता. सामान्य जनांपर्यंत हा विषय नेला तो इंग्लंडांतील फ्रेड जेन या पत्रकार-चित्रकारानें.

जेन याचा आरमारी युद्धखेळ इ. स. १८९८ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच सालीं त्यानें जगांतील युद्धनौकांचा सचित्र कोश काढला. आज जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या त्या वार्षिकाचा आरंभींचा संबंध या खेळाशीं होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. जेन यानें तोफांचे व चिलखतांचे अक्षरांनीं दर्जे पाडले, म्हणजे कोणती तोफ कोणतें चिलखत भेदील हें अक्षरांवरून सांगतां यावें. गोळीबारासाठीं त्यानें फांसे नाकारले. लक्ष्य असलेल्या जहाजाचें चित्र पुढें ठेवावयाचें, आणि टांचणी बसविलेल्या लांकडी फळीनें त्यावर फटका मारावयाचा. टांचणी जेथें टोंचेल तेथें गोळा लागला असें समजावयाचें. शत्रु दूर असेल तर चित्र लहान, जवळ असेल तर मोठें. म्हणजे अंतर, नेम व दैव हे तीन घटक त्यानें एका फटक्यांत गोंवले. शिवाय गोळा ‘जहाजास’ न लागतां जहाजाच्या एखाद्या अवयवास लागतो, हें तत्त्व त्यांत आलें. या नियमास साधेपणा नाहीं. प्रत्येक जहाजाचें निराळें चित्र लागतें व खेळ संथ चालतो. परंतु तो नियम वाचला म्हणजे इ. स. १८९८ चा आरमारी विचार कोठें गुंतला होता हें कळतें : कोठलें चिलखत किती जाड, व तें कोणती तोफ फोडील.

याच्या उलट टोंकास अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅट यांचा इ. स. १९४० मध्यें छापलेला खेळ आहे. एका इंचास पन्नास फूट या मापाचीं हलक्या लांकडाचीं जहाजें जमिनीवर मांडलीं जात. खेळाडू बाणानें दिशा दाखवी व अंतर नुसत्या नजरेनें अजमावून चिठ्ठीवर लिही. मग पंच फितीनें मोजून गोळे कोठें पडले तें गॉल्फच्या खुंट्या ठेवून दाखवी. फांशाचें काम नजरेच्या अजमासानें केलें. दैवाची जागा कौशल्यानें घेतली. येथें जहाजाचें व समुद्राचें माप एकच ठेवणें शक्य नव्हतें, हेंही लक्षांत घ्यावें. जटलंडची लढाई सुरू झाली तेव्हां दोन्ही आरमारांच्या आघाडीच्या जहाजांत सुमारें १५ हजार वारांचें अंतर होतें. एका इंचास पन्नास फूट या हिशेबानें तें अंतर जमिनीवर पाऊणशें फूट भरतें. म्हणून जहाजांचें माप एक व अंतराचें दुसरें, ही तडजोड अशा खेळांच्या नशिबीं येते.

प्रॅट यांच्या नियमांचा गाभा एका सूत्रांत आहे. तोफेच्या तोंडाचा व्यास इंचांत घेऊन त्याचा वर्ग करावयाचा व त्यास तोफांच्या संख्येनें गुणावयाचें. चिलखताच्या जाडीच्या वर्गाची दसपट, पाणतीराच्या प्रत्येक नळीस १० व प्रत्येक विमानास २५ हे अंक त्यांत मिळवावयाचे. बेरजेस वेगाच्या गुणकानें गुणून शेवटीं जहाजाचें वजन टनांत मिळवावयाचें. येणारा अंक म्हणजे त्या जहाजाची प्राणशक्ति. गोळे लागत जातात तसे अंक वजा होतात, आणि त्या मानानें तोफा व वेग कमी होत जातात. इतकें सुटसुटीत साधन पूर्वीं नव्हतें. पण ‘वर्ग’ कां? ‘घन’ कां नव्हे? येथेंच नियमकर्त्याचें मत लपलेलें आहे.

एक उदाहरण घेऊन पाहूं. १३ डिसेंबर १९३९ रोजीं ला प्लाटा नदीच्या मुखासमोर जर्मनीचें ‘ग्राफ स्पी’ हें जहाज इंग्रजांच्या बाजूच्या ‘एक्झेटर’, ‘एजॅक्स’ व ‘अकिलीझ’ या तीन क्रूझरांशीं लढलें. ‘ग्राफ स्पी’वर ११ इंची ६ तोफा, ‘एक्झेटर’वर ८ इंची ६, उरलेल्या दोघींवर ६ इंची ८–८. केवळ मुख्य तोफांचा हिशेब वर्गानें केला तर ‘ग्राफ स्पी’चे ७२६ अंक होतात, व तिघींचे ३८४ अधिक ५७६ मिळून ९६०. म्हणजे क्रूझरांचें पारडें जड. आतां तोच हिशेब घनानें करावा, कारण गोळ्याचें वजन साधारणतः व्यासाच्या घनाच्या मानानें वाढतें. मग ‘ग्राफ स्पी’चे ७९८६ व तिघींचे ६५२८ होतात, पारडें फिरतें. वर्ग घेणारा नियमकर्ता लहान तोफांच्या जलद माऱ्यास महत्त्व देतो. घन घेणारा एकेका गोळ्याच्या आघातास देतो. एका घातांकाच्या फरकानें जय-पराजयाचा निकाल उलटतो. त्या काळच्या ग्रंथांची पानेंच्या पानें चाळूनही हें मतांतर इतक्या स्पष्टपणें हातीं लागणार नाहीं.

प्रत्यक्षांत काय झालें? ‘एक्झेटर’च्या सर्व मुख्य तोफा बंद पडल्या व तिला रण सोडावें लागलें, ‘एजॅक्स’च्या निम्म्या तोफा निकामी झाल्या. तरी शेवटीं माँटेव्हिडिओच्या तटस्थ बंदरांत शिरलें तें ‘ग्राफ स्पी’, आणि १७ डिसेंबर रोजीं त्याच्याच कप्तानानें तें बुडविलें. स्वदेशाचें बंदर हजारों मैल दूर, जहाजास दुरुस्तीची जरूर, आणि बाहेर शत्रूचें मोठें आरमार जमल्याची हूल, यांचा अंक कोणत्याही सूत्रांत नव्हता. आमच्याकडील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराचें प्रकरण आहे. त्यांत झुंजाच्या प्रसंगीं वारा कसा आहे व आपल्या जंजिऱ्याचा आश्रय मिळेल कीं नाहीं याचा विचार सांगितला आहे. तेथें आंकडे नाहींत. पण पटखेळाच्या सूत्रांतून जें गळालें, तें तेथें जागचे जागीं आहे.

वजाबाकीच्या नियमाचा दुसरा दोष याहून गंभीर. ३१ मे १९१६ रोजीं जटलंड येथें ‘इन्डिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ व ‘इन्व्हिन्सिबल’ हीं तीन इंग्रजी जहाजें हळूहळू अंक गमावून बुडालीं नाहींत. आग दारूकोठारापर्यंत पोंचून तीं क्षणांत फुटलीं. दारू हाताळण्यांतील हयगय त्यास बरीच कारण झाली. २४ मे १९४१ रोजीं ‘हुड’ तसेंच फुटलें व १४१८ पैकीं अवघे ३ खलाशी वांचले. जो नियम सरासरी सांगतो, त्यास असल्या अपघाताची वार्ता नसते. जेन याच्या टांचणीस एखादे वेळीं दारूकोठार सांपडूं शकतें. नुसत्या बेरीज-वजाबाकीस तें सांपडत नाहीं. नियम साधा करितांना जें प्रथम टाकून दिलें जातें, त्यांतच कधीं कधीं हजारों माणसांचें मरण असतें.

राहिला पंच. मे १९४२ मध्यें ‘यामातो’ या जपानी युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेचा पटखेळ झाला. त्या वेळीं पंचाचें काम करणारे ओकुमिया यांनीं फुचिदा यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथांत सांगितलें आहे कीं, फांशांनीं जपानी विमानवाहू जहाजांवर ९ आघात दाखविले असतां उगाकी यांनीं ते ३ करविले; बुडालेलें ‘कागा’ पुढच्या खेळांत पुन्हां तरंगूं लागलें. ४ जून १९४२ रोजींच्या लढाईंत ‘कागा’सह चार जहाजें खरोखरच गेलीं. ही कथा फार प्रसिद्ध आहे. तथापि ती युद्धानंतर लिहिलेली साक्ष होय, आणि फुचिदा यांच्या कित्येक विधानांवर इ. स. २००५ मध्यें पार्शल व टली यांनीं सप्रमाण आक्षेप घेतले आहेत. म्हणून तिचा उपयोग जपूनच केला पाहिजे. त्या खेळाची मूळ टांचणें समोर असतीं तर फांशानें काय दिलें व अधिकारानें काय बदललें हें वादाशिवाय कळतें.

यावरून संग्राहकांचें कर्तव्य स्पष्ट होतें. छापील नियमांचीं पुनर्मुद्रणें होऊं शकतात, व जेन आणि प्रॅट यांच्या पुस्तकांचीं झालींही आहेत. परंतु खेळाडूनें समासांत केलेली दुरुस्ती, टांचणीनें टोंचलेलें जहाजाचें चित्र, अंक खोडून पुन्हां लिहिलेला तक्ता, पंचाच्या निकालाची चिठ्ठी हीं पुनर्मुद्रणांत येत नाहींत. नियम कोणता होता हें पुस्तक सांगतें. तो कोणीं पाळला, कोणीं मोडला व कां मोडला हें या सुट्या कागदांवरूनच समजतें. असले कागद हातीं आले तर ते खेळणें म्हणून वेगळे काढूं नयेत. ज्या दप्तरांत आरमाराचे अहवाल बांधावयाचे, त्याच दप्तरांत, तारीखवार लावून, ते बांधून ठेवावे.