दार उघडण्याची वेळ : भारतीय औषध उद्योगाचा धडा

जागतिकीकरणाने विकसनशील देशांतील उद्योगांची संशोधनवृत्ती वाढते की खुंटते, हा वाद जुना आहे. त्याचे उत्तर तर्कापेक्षा इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते. आणि भारतीय औषध उद्योगाइतका बोलका इतिहास क्वचितच आढळेल.

स्वातंत्र्यानंतरही देशात १९११ चाच पेटंट कायदा जारी होता. बहुतांश पेटंटे परकीयांच्या हाती असून औषधे महाग होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात या स्थितीवर बोट ठेवले. त्यातून १९७० चा कायदा जन्मास आला व २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. पेटंट औषधी द्रव्यावर नाही, केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवर, हे त्याचे मर्म होते. साहजिकच आमचे रसायनशास्त्रज्ञ त्याच द्रव्याकडे नेणाऱ्या नव्या वाटा धुंडाळू लागले. यास कोणी नक्कल म्हणो. स्वस्त वाट शोधण्यासही प्रज्ञा लागतेच. मात्र त्या प्रज्ञेचे चीज झाले ते जगाच्या बाजारात. २००१ साली मुंबईच्या सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार आफ्रिकेतील सेवाकार्यासाठी सुमारे ३५० डॉलरांत देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य देशांत त्यास दहा हजारांहून अधिक डॉलर पडत.

दरम्यान १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि दहा वर्षांच्या सवलतीनंतर २००५ पासून द्रव्यावरील पेटंट परत आले. उद्योग बुडेल ही भीती खरी ठरली नाही. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने तर १९९७ मध्येच स्वतः शोधलेले मधुमेहावरील द्रव्य डेन्मार्कच्या कंपनीस परवान्याने दिले होते. ते बाजारापर्यंत पोहोचले नाही. २०१३ मध्ये अहमदाबादच्या झायडसचे ‘सॅरोग्लिटाझार’ मात्र पोहोचले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्लिव्हेक’ प्रकरणी, जुन्या द्रव्याच्या नव्या रूपाने गुण वाढल्याचे सिद्ध झाल्याविना पेटंट मिळणार नाही, असा निर्वाळा दिला.

चित्राची दुसरी बाजूही झाकता कामा नये. पिंपरीच्या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन बनविणारा हा देश पुढे स्वस्त आयातीपुढे हटला आणि मूळ द्रव्यांसाठी चीनवर विसंबला. जी विद्या वापरात राहिली नाही, ती हातची गेली.

तात्पर्य, दार किती उघडावे याइतकेच ते केव्हा उघडावे, यासही महत्त्व आहे. १९७२ ते १९९५ ही तेवीस वर्षे आमच्या उद्योगाची उमेदवारी होती. ती न करता तो थेट स्पर्धेत उतरता, तर परक्या मालाचा विक्रेता म्हणूनच उरला असता. आणि उमेदवारीतच रमता, तर स्वतःचे द्रव्य शोधण्याची निकड त्यास कधी भासलीच नसती.