वऱ्हाडापासून मुंबईचें अंतर



अमरावतीस भूगोल शिकवीत असतां मीं एकदां वर्गास विचारलें, “मुंबई येथून किती दूर?” उत्तर किलोमीटरांत हवें होतें. एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, एक रात्र!” वर्ग हंसला; मींही त्यास खालीं बसविलें. आज वाटतें, त्याचें फारसें चुकलें नव्हतें. अंतर जमिनीवर असतें तसें काळांतही असतें, आणि वऱ्हाडास या दुसऱ्या अंतराचाच जाच अधिक झाला आहे.

लोहमार्गापूर्वीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकांठच्या मिर्झापुरापर्यंत नेत असत. तांड्याची रोजची मजल थोडी. वाटेंत पाऊस लागला तर माल भिजून खराब होई. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली आणि १८६७ सालीं हा मार्ग नागपुरास पोंचला. अकोला व बडनेरा मुख्य मार्गावर आलीं. अमरावती मात्र बाजूस राहिली. तिला बडनेऱ्याहून फांटा जोडावा लागला.

पुढें बरोबर १७२ वर्षांनीं, १६ एप्रिल २०२५ रोजीं, अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावर मुंबईचें प्रवासी विमान उतरलें. लोहमार्गानें बडनेरा मुंबईपासून सुमारें ६६५ किलोमीटर आहे. आकाशमार्गानें अमरावती सुमारें ५४० किलोमीटर. आगगाडीस घाट चढून भुसावळावरून यावें लागतें, विमानास तें बंधन नाहीं. रात्रीच्या गाडीचे सुमारें अकरा तास वेळापत्रकांत पावणेदोन तासांवर आले.

परंतु हिशेब येथें पुरा होत नाहीं. विमानतळ गाठणें, सुटण्यापूर्वीं तेथें थांबणें, उतरल्यावर मुंबई शहर ओलांडणें, हा वेळ वेळापत्रकांत कोठें दिसत नाहीं. शिवाय आरंभीं हें विमान आठवड्यांतून तीनच दिवस ठरलें होतें. ज्याचें काम इतर वारीं निघालें, त्यास मुंबई पूर्ववत् एक रात्र दूर.

अकोल्याची गोष्ट याहून विचार करावयास लावणारी आहे. तेथील शिवणीची धावपट्टी १९४३ सालची. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर लांब केली म्हणून तेथें एटीआर जातीचें विमान उतरूं शकलें. शिवणीची धावपट्टी आंखूड राहिली आणि ती वाढविण्यासाठीं लागणाऱ्या जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षें रेंगाळला. अमरावतीस विमान आलें, तेव्हां अकोल्यास नियमित प्रवासी सेवा नव्हती. रुळांनीं अकोल्यास जें आधीं दिलें, तें विमानानें अमरावतीस आधीं दिलें.

परळच्या रुग्णालयांत उपचारासाठीं निघालेला वऱ्हाडांतील शेतकरी आजही बहुधा रात्रीच्या गाडींतच बसलेला आढळेल. विमानाचें भाडें त्याच्या आवांक्यांतलें नसतें. म्हणून मुंबई किती दूर असें कोणीं विचारलें, तर आपण आधीं विचारावें : कोणास? तो प्रश्न मीं वर्गांत विचारला नाहीं, ही चूक माझी.